थंड हवेत चवीचे टोमॅटो : सिएटल, पोर्टलँड, व्हँकुव्हरकडच्या परसबागांसाठी

परसबाग_प्युजेट

कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेला टोमॅटो लावणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. झाड छातीएवढं होतं, फळंही धरतात, पण सप्टेंबर सरत आला तरी निम्मी हिरवीच, आणि जी पिकतात ती पाणचट. मग उपाय म्हणून खत वाढवलं जातं आणि दुखणं आणखी वाढतं. चव खताच्या पिशवीतून येत नाही. आपल्याकडच्या हवेत ती वाण, मुळांना मिळणारी ऊब आणि पाणी देताना आखडता घेतलेला हात यांतून येते. हा धागा त्यासाठीच.

आधी हवेचा हिशोब. पुण्याच्या नोव्हेंबरात दिवसा ३० आणि रात्री १५ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, टोमॅटोला हे फार मानवतं. सिएटलच्या जुलैत रात्री १३-१४ आणि दिवसा साधारण २५-२६. म्हणजे फरक जितका वाटतो तितका मोठा नाही. शिवाय जूनअखेरीस दिवस जवळपास १६ तासांचा, आणि जुलै-ऑगस्ट कोरडे ठाक. पाणी किती द्यायचं हे आपल्या हातात राहणं ही चवीच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे, ती बहुतेक जण वाया घालवतात. खरी अडचण आहे मे महिन्याची. तेव्हा रात्री ९-१० अंशांवर असतात, माती गार आणि चिकट असते. रात्रीचं तापमान १३ च्या खाली राहिलं की परागकण नीट तयार होत नाहीत, फुलं गळतात किंवा फळं वेडीवाकडी होतात.

वाण निवडताना पाकिटावरचे दिवस बघा. ते बी टाकल्यापासून नव्हे, रोप जमिनीत लावल्यापासून मोजलेले असतात, आणि तेही उबदार हवेत. आपल्याकडे त्यात दोन-तीन आठवडे मिळवायचे. ब्रँडीवाइनला ८०-१०० दिवस लिहिलेत म्हणजे इथे ते सप्टेंबरच्या पावसाशी शर्यत लावतं, आणि बहुधा हरतं. ५० ते ७० दिवसांचे वाण घ्या.

माझी शिफारस अशी. गोडीसाठी सनगोल्ड. हा टोकिता या जपानी कंपनीचा नारिंगी चेरी टोमॅटो, साधारण ५७ दिवसांचा, चवीत याला तोड नाही, पण साल पातळ, पाणी जास्त झालं की तडकतो. आंबटगोड आणि रसाळ हवा तर स्टुपिचे. हा चेकोस्लोव्हाकियातला जुना वाण, फळ लिंबाहून जरा मोठं, गार हवेत भरवशाचं. कापून खायला अर्ली गर्ल. मोठं, गडद, जुन्या वाणाचं फळ हवंच असेल तर ब्लॅक क्रिम किंवा चेरोकी पर्पलचं एकच रोप भिंतीलगतच्या सर्वांत उबदार जागी लावा आणि बाकी भरवसा लहान फळांवर ठेवा. ओरेगन स्टेट विद्यापीठाचे ओरेगन स्प्रिंग, सिलेट्झ आणि लेजंड हे वाण परागीभवन झालं नाही तरी फळ धरतात, म्हणून पहिली फळं बिनबियांची निघतात. लवकर येतात हे खरं, पण चवीला सनगोल्ड-स्टुपिचेच्या पंगतीला बसत नाहीत.

रोपं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात घरात बी टाका, पाऊण सेंटिमीटर खोल. उगवायला २४-२७ अंश ऊब हवी, गरम चटई असेल तर आठवड्याभरात कोंब दिसतात. उगवल्यावर चटई काढा. आता ऊब कमी आणि उजेड जास्त लागतो, १४ ते १६ तास. खिडकीतला मार्चचा उजेड पुरत नाही, रोपं लांबोडी होतात. दोन खरी पानं आली की ४ इंची कुंडीत हलवा. बाहेर लावण्याआधी ७-१० दिवस हवेची सवय करा. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं थोडं वाढवत उन्हात.

लावणी मेच्या मध्यानंतर, आणि खरं तर कॅलेंडरपेक्षा मातीत थर्मामीटर खुपसून. सकाळी १० सेंटिमीटर खोलीवर १५-१६ अंश आलं की लावा. त्याआधी लावलेलं रोप जागच्या जागी बसून राहतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलेलं त्याला गाठतं.

सारभात

फार उपयोगी. दोन शंका. रोप देठापर्यंत खोल पुरा असं सगळे सांगतात, ते इथेही लागू आहे का? आणि लावणीनंतर पानं खालून जांभळी पडतात ते कशामुळे? स्फुरद (फॉस्फरस) कमी म्हणून बोनमील (हाडांचा चुरा) घालावं का?

परसबाग_प्युजेट

@सारभात, खोल पुरण्यामागचा हेतू बरोबर आहे, कारण टोमॅटोच्या खोडाला सगळीकडून मुळं फुटतात. पण आपली माती मेमध्ये जितकं खोल जावं तितकी गार. म्हणून खड्ड्याऐवजी चर काढा, १०-१२ सेंटिमीटर खोल. खालची पानं खुडून रोप त्यात आडवं निजवा आणि शेंड्याची चार-पाच पानं हलक्या हाताने वर वळवून बाहेर ठेवा. दोन दिवसांत शेंडा आपोआप सरळ होतो. मुळं वरच्या, उन्हाने तापणाऱ्या थरात राहतात. कोणत्या बाजूला खोड पुरलंय तिथे खूण करा, नाहीतर काठी रोवताना नेमकं तेच फुटतं.

जांभळी पानं बहुतेक वेळा गारव्याने. माती १५ अंशांच्या खाली असली की मुळांना स्फुरद उचलता येत नाही, मातीत तो भरपूर असला तरी. बोनमील घालून काही होणार नाही. ऊब द्या, नवी पानं हिरवी येतात.

ऊब देण्याचे मार्ग: लावणीच्या दोन आठवडे आधी वाफ्यावर काळं प्लास्टिक ताणून बसवा, कडा मातीत दाबा. प्लास्टिक मातीला चिकटलेलं हवं, मध्ये हवा राहिली तर ऊब खाली पोचत नाही. रोपाभोवती पाण्याने भरायच्या नळ्यांचं कडं मिळतं, ते दिवसा तापतं आणि रात्री ऊब सोडतं. दक्षिण किंवा पश्चिमेकडच्या भिंतीलगतची जागा सर्वांत चांगली, फक्त छपराच्या वळचणीखाली पाऊस पोचत नाही, तेव्हा तिथे पाण्याकडे आपणच लक्ष द्यायचं. लाकडाच्या भुश्याचं किंवा गवताचं आच्छादन मेमध्ये घालू नका, माती गारच राहते. ते जुलैत घाला.

बेलव्ह्यूकर

मातीबद्दल थोडी भर घालतो. इथल्या पावसाने चुना धुऊन जातो, त्यामुळे माती आम्लधर्मी असते. टोमॅटोला पीएच ६.२ ते ६.८ लागतो. माती तपासून घ्या, आणि कमी आला तर शरद ऋतूत १०० चौरस फुटांना साधारण ५ पौंड डोलोमाइट चुना मिसळा. वसंतात घातलेला त्या वर्षी फारसा लागू पडत नाही, मातीत मुरायला वेळ लागतो.

खत लावणीच्या वेळी एकदाच, रोपामागे मोठे ३ चमचे सेंद्रिय टोमॅटो खत, ज्यात नत्र (नायट्रोजन) कमी आणि पालाश (पोटॅशियम) जास्त असतो, उदाहरणार्थ ३-४-६ (नत्र-स्फुरद-पालाश या क्रमाने). त्यानंतर पहिला घोस वाटाण्याएवढा झाल्यावर पुन्हा तेवढंच. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं, फुलं उशिरा येतात, आणि आपल्याकडे उशीर म्हणजे हिरवी फळं. लॉनला घालायचं खत इकडे अजिबात वळवू नका.

शेणखत किंवा कंपोस्ट आणताना एक धोका आहे. गवतावर मारलेली काही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही टिकून राहतात. २००० च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातच स्पोकेन आणि पुलमनच्या कंपोस्टमध्ये हा प्रकार उघडकीला आला होता. टोमॅटोचे नवे शेंडे नेच्याच्या पानासारखे गुंडाळतात आणि तसेच राहतात. खात्री करायची तर कंपोस्ट आणि कुंडीची माती अर्धी अर्धी मिसळून त्यात वाटाणा किंवा घेवडा लावा. तीन आठवड्यांत पानं सरळ, सपाट आली तर कंपोस्ट वापरा.

लिंबोणी

माझ्याकडे फक्त बाल्कनी आहे, दक्षिणेकडची. कुंडीत चव येते का? आणि फुलं भरपूर, फळ एकही नाही, असं का होतं?

परसबाग_प्युजेट

@लिंबोणी ताई, येते, कारण कुंडी जमिनीपेक्षा लवकर तापते. पण आकारात कंजुषी नको. सनगोल्डसारख्या वेलासारख्या वाढणाऱ्या वाणाला १५ गॅलन, म्हणजे ५५ लिटरच्या पुढची कुंडी किंवा कापडी पिशवी. ५ गॅलनच्या बादलीत फक्त बुटके वाण लावा. बागेतली माती भरू नका, ती दाबून बसते. कुंडीसाठीचं मिश्रण घ्या. कुंडीत पाणी रोज द्यावं लागतं आणि त्याबरोबर खत वाहून जातं, म्हणून जुलैपासून दर आठवड्याला पालाश जास्त असलेलं पातळ खत पाकिटावरच्या निम्म्या प्रमाणात.

फुलांचं असं आहे की टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण पराग नळीतून झडायला हादरा लागतो. भुंगे फुलाला लटकून उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि ते काम करतात. मधमाशीला ते जमत नाही. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर वारा आणि भुंगे दोन्ही कमी पडतात. सकाळी १० ते दुपारी २ च्या मध्ये, फुलं कोरडी असताना, विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश घोसाच्या देठाला मागून दोन सेकंद टेकवा. फुलाखाली काळा कागद धरलात तर पिवळी पूड पडताना दिसते. पाकळ्या पूर्ण मागे वळलेली फुलं तयार असतात. हे एक दिवसाआड करा. हवा दमट असेल तर पराग चिकटून राहतो, त्या दिवशी जाऊ द्या.

रसायनी

चवीमागचं कारण थोडं उलगडून लिहिते. टोमॅटोची चव म्हणजे साखर, आम्ल आणि सुगंधी द्रव्यं यांचा मेळ. साखर मुख्यतः पानांत तयार होते. फळातही थोडी होते, आणि इथे एक गंमतीचा तपशील आहे. दुकानातले टोमॅटो देठापाशीही एकसारखे फिके हिरवे असतात आणि एकसारखे लाल होतात, कारण गेल्या शतकात तो गुण पैदाशीत मुद्दाम धरला गेला. २०१२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं की या एकसारखेपणासाठी जे जनुक निकामी झालं, तेच कच्च्या फळात हरितलवकं (उन्हातून साखर बनवणारे हिरवे कण) वाढवतं आणि पर्यायाने साखरही. म्हणून बियाण्याच्या यादीत कच्च्या फळाचा फोटो असला तर खांदे बघा. देठाभोवती गडद हिरवा पट्टा असलेला वाण चवीसाठी चांगला. ब्लॅक क्रिम, चेरोकी पर्पल, ब्रँडीवाइन, सगळ्यांचे खांदे असे आहेत.

यावरून पुढचा मुद्दा. फळांना ऊन लागावं म्हणून पानं खुडतात, ते चुकीचं आहे. फळ उन्हाने पिकत नाही, उबेने पिकतं. पानं काढलीत की साखरेचा कारखानाच बंद केलात. जमिनीला टेकणारी आणि पहिल्या घोसाखालची पानं काढा, कारण मातीचे शिंतोडे तिथे उडून रोग चढतो. रोगट पानं काढा. बाकीची राहू द्या.

सारभात

मग बगलफुटी पण ठेवायच्या का?

रसायनी

नाही. पानाच्या बेचक्यातून येणारी बगलफूट ही नवी फांदी असते, तिला नवे घोस लागतात आणि इथल्या छोट्या मोसमात ते पिकत नाहीत. दोन खोडं ठेवा, मुख्य आणि पहिल्या घोसाच्या लगेच खालची बगलफूट. बाकीच्या बोटभर असतानाच सकाळी कोरड्या हवेत हाताने मोडा. बुटक्या, ठरावीक उंचीच्या वाणांच्या बगलफुटी मात्र काढू नका, त्यांचं फळच त्यावर असतं.

आणि ऑगस्टच्या १०-१५ तारखेला शेंडा खुडाच. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत ६ ते ८ आठवडे लागतात. त्यानंतर उमललेलं फूल इथे बहुतेक वेळा लाल होत नाही. जीवावर येतं, पण खुडलेल्या शेंड्याचा जोर खालच्या फळांत जातो.

मँचेस्टरवासी

इंग्लंडमधून लिहितोय. हवा तुमच्यासारखीच गार, पण उन्हाळ्यात पाऊस चालू, म्हणून इथे काचघर किंवा पॉलीटनेल (प्लास्टिकचा बोगदा). त्यात उलट अडचण येते. उन्हाच्या दिवशी आतलं तापमान ३२ च्या वर जातं, पराग मरतो. ३० च्या वर लाल रंगद्रव्य तयार होणंही थांबतं, फळं पिवळट-नारिंगी राहतात. सकाळी ९ च्या आधी दारं-झरोके उघडा, संध्याकाळी बंद करा. वाणांत सनगोल्ड, गार्डनर्स डिलाइट चांगले. उघड्यावर लावायचं तर करप्याला दाद न देणारे क्रिमसन क्रश किंवा माउंटन मॅजिक. मनीमेकर पीक भरपूर देतो, पण चवीसाठी लावू नका.

बेलव्ह्यूकर

पाण्यावर कोणी लिहा ना. चवीचं निम्मं गणित तिथेच आहे.

परसबाग_प्युजेट

लिहितो. जमिनीतल्या रोपाला जूनमध्ये आठवड्याला ८-१० लिटर, जुलैच्या उन्हात आणि झाड मोठं असेल तर १५ पर्यंत, दोन वेळांत विभागून, बुंध्याशी, सकाळी. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात. पाणी द्यायचं की नाही हे पृष्ठभाग बघून ठरवू नका. खुरप्याने वीतभर खोलीवरची माती काढून मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर सहज फुटला, म्हणजे वाफसा आहे, थांबा. गोळाच होत नाही, मग द्या. गोळा चिकट राहिला तर आठवडाभर विसरा.

पहिल्या घोसाची फळं रंग धरायला लागली की पाणी हळूहळू निम्म्यावर आणा, दोन आठवडे लावून. फळात पाणी कमी शिरतं, साखर आणि आम्ल दाट राहतं. कॅलिफोर्नियात सांता क्रूझच्या बाजूला अर्ली गर्ल जवळपास बिनपाण्याने वाढवतात ते याच तत्त्वावर. फळं लहान येतात, चव कमालीची. दुपारी पानं थोडी मान टाकतील, संध्याकाळी सावरली तर ठीक. सकाळीच मलूल असतील तर पाणी लागलंच. हा प्रयोग कुंडीत करू नका, तिथे माती एका दिवसात कोरडी ठाक होते.

एकदम तोडलं किंवा कोरडं पडल्यावर एकदम ओतलं तर दोन गोष्टी होतात. फळं तडकतात, आणि फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होतं. बूड काळं पडणं हा रोग नाही. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर फळात जातं, प्रवाह तुटला की टोकाला पोचत नाही. मातीत कॅल्शियम सहसा असतंच. अंड्याची टरफलं विरघळायला फार काळ लागतो, त्या मोसमात त्यांचा उपयोग नाही. एप्सम सॉल्ट तर मुळीच घालू नका, मॅग्नेशियम वाढलं की कॅल्शियमला आणखी अडसर. पाणी सारखं करा, पुढची फळं नीट येतात.

लिंबोणी

भारतातून पुसा रुबी किंवा अर्का रक्षकचं बी आणून लावलं तर गावाकडची चव मिळेल का?

बेलव्ह्यूकर

@लिंबोणी, दोन कारणांनी नको. एक म्हणजे अमेरिकेत बी आणायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, सामानात पुडी घालून आणणं बेकायदा आहे. विषाणू बियांबरोबर येतात म्हणून हा नियम आहे, तो पाळायला हवा. दुसरं, अर्का रक्षक हा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा वाण. पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देण्यासाठी तयार केलेला. कोकण-गोव्यात मर रोगाने वाफेच्या वाफे बसतात तिथे तो सोनं आहे. सिएटलला तो विषाणू पसरवणारी पांढरी माशी आणि ती मर हा प्रश्नच नाही. इथला शत्रू उशिरा येणारा करपा.

सार, रस्सम, आमटीला आंबटपणा हवा असेल तर स्टुपिचेच घ्या. थोडं आधी, केशरी-लाल असताना तोडलं की आंबट, पूर्ण लाल झाल्यावर गोड.

सारभात

त्या करप्याचंच विचारायचं होतं. ऑगस्टअखेरीस पाऊस झाला की चार दिवसांत सगळं झाड भाजल्यासारखं होतं.

परसबाग_प्युजेट

तोच तो उशिरा येणारा करपा. फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो. १५-२१ अंश आणि पान दहा-बारा तास ओलं राहिलं की पुरे. पानावर तेलकट, हिरवट-तपकिरी डाग, दमट सकाळी पानाखाली डागाच्या कडेला पांढरी लव, खोडावर काळपट पट्टे, फळावर टणक तपकिरी चट्टे. डागात एकात एक वर्तुळं दिसली तर तो दुसरा, लवकर येणारा करपा, तो सावकाश चढतो.

पान ओलं होऊ न देणं हाच खरा उपाय. झाडाच्या वर पारदर्शक पॉलिथिन किंवा दुपदरी पारदर्शक प्लास्टिक पत्र्याचं छप्पर करा, उंची दोन मीटरच्या पुढे, चारही बाजूंना फूटभर बाहेर आलेलं, बाजू उघड्या. बाजू बंद केल्यात तर आत दव धरतं. दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर ठेवा. बागेत आपोआप उगवलेला बटाटा दिसला की उपटा, हिवाळाभर हा रोग जमिनीतल्या बटाट्यात जिवंत राहतो. तांब्याची फवारणी पाऊस येण्याआधी केली तर संरक्षण देते, डाग दिसल्यावर उपयोग नाही. लागण झालेलं झाड मुळासकट काढून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको, शेजाऱ्यांच्या बागेचाही विचार करा.

रसायनी

पावसाचा अंदाज आला की रंग मोडलेली सगळी फळं तोडून घरात आणा. बुडाशी गुलाबी-पिवळट झाक आली की फळ आतून पिकू लागलेलं असतं, घरात पिकवल्याने चवीत फार फरक पडत नाही. आंब्याची आढी घालतात तसं एका थरात, देठ खाली, वर्तमानपत्र घालून १८-२१ अंशांत ठेवा. खिडकीतलं ऊन नको. रोज हात फिरवून मऊ पडलेलं वेगळं काढा. फ्रिजमध्ये ठेवू नका, १२-१३ अंशांच्या खाली सुगंध तयार होणं थांबतं आणि नंतर पूर्ण परत येत नाही.

पूर्ण हिरवी फळं उरली तर त्यातलं एक आडवं कापा. सुरीखाली बिया न चिरता गरात सरकल्या तर ती फळं पिकतील, एका कागदी पिशवीत केळ्याबरोबर ठेवा. बिया चिरल्या गेल्या तर कोवळी आहेत, ती चटणीला. पाव किलो हिरवे टोमॅटो, चार हिरव्या मिरच्या, दोन चमचे भाजलेले तीळ, मूठभर दाण्याचं कूट, वाटण्याआधी टोमॅटो तेलावर सालाला डाग पडेपर्यंत परता, नाहीतर तुरटपणा राहतो. गूळ सुपारीएवढा.

लिंबोणी

पुढच्या वर्षासाठी बी धरता येईल का?

परसबाग_प्युजेट

स्टुपिचेचं धरता येईल, सनगोल्डचं नाही. सनगोल्ड एफ-१, म्हणजे दोन वाणांचा पहिल्या पिढीचा संकर आहे, पुढच्या पिढीत चव विखुरते. स्टुपिचेचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, गर आणि बिया ग्लासात काढा, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस झाकून ठेवा. वर साय धरली की धुवा, बुडाशी बसलेल्या बिया ताटलीत पसरून सावलीत आठवडाभर वाळवा. कागदावर वाळवल्या तर चिकटतात.

संकर टाळायचा असेल तर फुलं उमलण्याआधी घोसाला जाळीच्या कापडाची पिशवी बांधा आणि फळ धरल्यावर काढा. स्टुपिचेची एक सोय अशी की त्याची पानं बटाट्यासारखी, कडा अखंड असलेली असतात, आणि हा गुण दबून राहणारा आहे, म्हणजे आई-बाप दोन्हींकडून आला तरच दिसतो. पुढच्या मार्चमध्ये त्याच बियांच्या रोपांना दोन-तीन खरी पानं आली की नीट बघा. ज्याच्या पानाच्या कडा नेहमीच्या टोमॅटोसारख्या कातरलेल्या असतील त्या रोपात दुसऱ्या वाणाचा पराग आलेला आहे, ते बाजूला काढा.